फुकटात स्कायलाईन कुठून बघायची? तिकीट न काढता, चालत चालत

भटकभवानी:
नमस्कार मंडळी. कामानिमित्त वेगवेगळ्या देशांतल्या मोठ्या शहरांत जाणं होतं, दिवसभर मीटिंगा आणि संध्याकाळी काय ते दोन-तीन तास मोकळे. उंच इमारतींची ती लांबलचक रांग आणि तिच्यात एकेक दिवा लागताना बघणं मला मनापासून आवडतं, त्यासाठी मी कितीही चालायला तयार असते. पण कुठल्याही शहरात कुणालाही विचारा, उत्तर एकच, अमुक टॉवरच्या ऑब्झर्वेशन डेकवर जा. तिकीट महाग, त्यात वेळेचा स्लॉट, त्यात रांग, आणि वर पोचल्यावर काचेपाशी जागा मिळेपर्यंत निम्मी संध्याकाळ गेलेली असते.
तर विचारायचं असं की कुठलंही शहर असो, फुकटात छान स्कायलाईन दिसेल अशी जागा हुडकायची काही पद्धत आहे का? नुसत्या याद्या नकोत, त्या नेटवर ढीगभर आहेत, तुम्ही स्वतः कसं शोधता ते सांगा. वेळ कुठली गाठायची? आणि पुढच्या खेपेला आई सोबत येणार आहे, तिचे गुडघे दुखतात, सपाट चालायला तिला काही वाटत नाही पण जिने आणि चढ नको. तिच्यासाठी काही सुचवाल का?

पूलवेडा:
भटकभवानी, आधी तो डेकचा नाद सोडा. स्कायलाईन बघायला उंची लागत नाही हो, अंतर लागतं. शहरातल्या सगळ्यात उंच टॉवरवर चढलात की तोच टॉवर चित्रातून गायब, एम्पायर स्टेटवर उभं राहून एम्पायर स्टेट कशी दिसणार? वरून बघितलं की बाकीच्या इमारतींच्या गच्च्या दिसतात, एसीची यंत्रं दिसतात, रस्त्यांची जाळी दिसते, तेही बघण्यासारखं आहे मी नाही म्हणत नाही, पण आकाशाला टेकलेली ती रेघ हवी असेल तर शहरासमोर जाऊन उभं राहायला लागतं आणि मधे मोकळी जागा लागते. पाणी असेल तर सोन्याहून पिवळं.
आता मोठी शहरं बघा, बहुतेक नदीवर नाहीतर खाडीवर नाहीतर तळ्याकाठी वसलेली. पाण्याच्या मधोमध कुणी टॉवर उभा करत नाही, म्हणून समोरच्या काठावरून नजरेला काही आडवं येत नाही, आणि तो काठ बहुतेक ठिकाणी सगळ्यांसाठी खुला असतो. म्हणून मी नकाशा उघडला की आधी उंच इमारतींचा पुंजका कुठे आहे ते बघतो, मग त्याच्या समोरच्या काठावर बाग किंवा प्रोमेनाड, म्हणजे पायी फिरायचा रस्ता, आहे का, आणि तिकडे जायला पायी चालता येईल असा पूल किंवा फेरीबोट आहे का. एवढ्यावर आजवर प्रत्येक शहरात काम भागलंय. शांघायमध्ये बंड नावाच्या नदीकाठच्या रस्त्यावर उभं राहून पलीकडचं पुडोंग बघायचं, हाँगकाँगमध्ये त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावरून हाँगकाँग बेट बघायचं, शिकागोत ॲडलर प्लॅनेटेरियमची जमीन तळ्यात घुसलीय तिच्या टोकाला जायचं आणि मागे वळून बघायचं, सगळीकडे एकच गणित.
न्यूयॉर्कला जाणार असाल तर ब्रुकलिन हाइट्स प्रोमेनाड चुकवू नका. तो हायवेच्या डोक्यावर बांधलाय, बाकावर बसलात की गाड्या दिसत नाहीत, पायाखालून नुसती घरघर येत राहते आणि समोर ईस्ट रिव्हर नि लोअर मॅनहॅटन. तिथून जवळच ब्रुकलिन ब्रिज, १८८३ सालचा. लोक मॅनहॅटनकडून चालायला लागतात आणि मग सारखी मान मागे वळवत बसतात. त्यापेक्षा सबवेने ब्रुकलिनला जा आणि मॅनहॅटनकडे चालत या, म्हणजे सगळा देखावा तोंडासमोर. पायवाट गाड्यांच्या वर आहे, लाकडी फळ्यांची, आणि २०२१ पासून सायकलवाल्यांना खाली वेगळी लेन दिल्यामुळे आता निवांत चालता येतं. तरी संध्याकाळी गर्दी होतेच. गर्दी नको असेल तर शेजारचा मॅनहॅटन ब्रिज, त्याची दक्षिणेकडची बाजू चालणाऱ्यांची. मधे जाळी आहे आणि शेजारून सबवे धडधडत गेली की अख्खा पूल थरथरतो, पण तिथून ब्रुकलिन ब्रिज आणि मागची स्कायलाईन एकत्र दिसते, ती खुद्द ब्रुकलिन ब्रिजवरून दिसणार नाही, कारण तुम्ही त्याच्यावर उभे असता.
आणि स्टेटन आयलंड फेरी. १९९७ पासून तिला भाडंच नाही, चोवीस तास चालते, एका बाजूला साधारण पंचवीस मिनिटं. मॅनहॅटनहून निघताना मागच्या टोकाला जाऊन उभे राहा. बोट सुटते तेव्हा इमारती इतक्या जवळ असतात की मान वर करूनही शेंडे दिसत नाहीत, एकेका खिडकीतलं टेबल दिसतं. मग पाण्याचा पांढरा पट्टा लांबत जातो तशी आधी एक इमारत पूर्ण दिसायला लागते, मग तिच्या शेजारची, मग थोड्या वेळाने सगळ्या मिळून एकच आकृती होते. अंतर म्हणजे काय ते त्या बोटीवर उभं राहिलं की आपोआप कळतं, मी कितीही लिहिलं तरी कमीच. जाताना उजव्या हाताला लिबर्टीचा पुतळा. पलीकडे सेंट जॉर्जला सगळ्यांना उतरावं लागतं, बोटीतच बसून राहता येत नाही, उतरायचं आणि परतीच्या बोटीत चढायचं. ऑफिस सुटायच्या वेळी लोकांची घरी जायची लगबग असते तेव्हा दारं अडवून फोटो काढू नये एवढं मात्र पाळा, ती त्यांची रोजची गाडी आहे.

निळीसंध्याकाळ:
पूलवेडा यांनी जागेचं सांगितलं, मी वेळेचं सांगते, कारण जागा बरोबर आणि वेळ चुकली की सगळं मुसळ केरात.
सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा आणि सूर्य बुडल्यावर किमान अर्धा-पाऊण तास थांबा. बहुतेक लोक सूर्य बुडाला की फोटो काढून निघतात आणि नेमकं चांगलं तेव्हाच सुरू होतं. आकाश निळं असतं पण प्रखर नसतं, खिडक्यांमधले दिवे लागलेले असतात, आणि दोघांचा उजेड साधारण बरोबरीला येतो म्हणून इमारतींच्या कडाही दिसतात आणि दिवेही. त्यानंतर आकाश काळंकुट्ट झालं की कडा विरघळतात, नुसते ठिपके उरतात. ही वेळ किती टिकणार ते शहर कुठे आहे त्यावर ठरतं. सिंगापूर विषुववृत्ताजवळ, तिथे सूर्य सरळ खाली जातो, संधिप्रकाश बघता बघता संपतो, तिथे उशीर करून चालणारच नाही. लंडनला जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो आणि उजेड किती तरी वेळ रेंगाळतो. उलट लंडनचा डिसेंबर घ्या, चारच्या आधीच सूर्यास्त, त्या वेळी ऑफिसं भरलेली, म्हणजे प्रत्येक मजल्यावर दिवे. थंडी वाजते पण इतकी भरलेली स्कायलाईन उन्हाळ्यात नाही मिळत. आणि तुम्ही कामासाठी जाता म्हणजे वर्किंग डेला तिथे असता, हा तुमचा मोठाच फायदा, रविवारी ऑफिसच्या इमारती निम्म्या अंधारात असतात.
दुसरं म्हणजे सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघा. तो तुमच्या पाठीशी असेल तर इमारतींवर ऊन, समोर असेल तर नुसत्या काळ्या आकृत्या. ब्रुकलिन मॅनहॅटनच्या पूर्वेला, म्हणून तिथून सकाळी काचा उजळतात आणि संध्याकाळी इमारतींच्या मागे सूर्य जातो. नदीपल्याड पश्चिमेला होबोकनला गेलात तर बरोब्बर उलटं, संध्याकाळी सगळं मॅनहॅटन सोनेरी. शिकागोत तळं पूर्वेला, म्हणून ॲडलरचं टोक सकाळचं. शांघायला बंड पश्चिमेला, म्हणून मावळतीचं ऊन पुडोंगच्या टॉवरवर पडतं. दोन्ही चांगलंच, मला स्वतःला काळ्या आकृत्या जास्त आवडतात, पण काय मिळणार आहे ते आधी माहीत असलेलं बरं.
हवेचं म्हणाल तर पाऊस पडून गेल्यानंतरची पहिली संध्याकाळ सोडू नका, धूळ धुतली गेलेली असते, लांबलांबचं दिसतं. हिवाळ्यात वारा नसेल तर पहाटे-सकाळी गार हवा खाली बसते आणि धूर तिथेच अडकतो, अशा वेळी दुपार उलटू द्यावी. सॅन फ्रान्सिस्कोचं वेगळंच, तिथे ऐन उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येतं आणि गोल्डन गेट गुडूप होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला तिथे आकाश मोकळं असतं.
एक राहिलं. हाँगकाँगला धक्क्यावर रोज रात्री आठला दिव्यांचा शो असतो, फुकट आहे, पण त्याच्यासाठी संध्याकाळ वाया घालवू नका, शोच्या आधीचा तास जास्त सुंदर असतो. आणि शिकागोत वसंतात आणि शरदात, पक्ष्यांच्या स्थलांतराच्या दिवसांत, बऱ्याच उंच इमारती रात्री अकरानंतर शोभेचे दिवे मालवतात, कारण उजेडाने पक्षी वाट चुकून काचांवर आदळतात. तेव्हा रात्री उशिरा जाऊन दिवे नाहीत म्हणून नाराज होऊ नये, फार चांगल्या कारणासाठी आहे ते.

गच्चीवरला:
पूलवेडा, अंतराचं पटलं, पण उंचीला एवढं कमी लेखू नका. फुकटची उंची पण असते, शोधावी लागते.
टोकियोत शिंजुकूला महानगर सरकारची इमारत आहे, केंझो तांगे यांनी डिझाइन केलेली, तिच्या ४५व्या मजल्यावर २०२ मीटरवर डेक आहे आणि तिकीट नाही. खाली बॅग तपासतात, लिफ्टने मिनिटाभरात वर. हिवाळ्यात स्वच्छ सकाळी फुजी दिसतो. दक्षिणेकडच्या डेकवर पिवळाधमक पियानो ठेवलाय, काळ्या ठिपक्यांचा, आलेल्या कुणीही वाजवावा असा, मी गेलो तेव्हा एक आजोबा बसून वाजवत होते आणि लोक खिडक्या सोडून त्यांच्याभोवती उभे होते. आता सरकारी ऑफिसच्या इमारतीत हे सगळं फुकट मिळतं म्हटल्यावर दुसऱ्या टॉवरचं तिकीट कशाला काढायचं?
लंडनला स्काय गार्डन, २०१५ ला उघडलं, पैसे नाहीत पण आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं आणि सूर्यास्ताचे स्लॉट पटकन जातात. २०२३ पासून हॉरायझन २२ नावाचा डेक पण आहे, तेही फुकट, तेही बुकिंगवर. ही काही बिल्डरची कृपा नाही बरं का. स्काय गार्डनची इमारत मंजूर करून घेताना वर लोकांसाठी बाग देऊ असं कबूल केलेलं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९६१ च्या नियमांपासून हेच चालू आहे, बिल्डरने लोकांसाठी मोकळी जागा ठेवली की त्याला जास्त बांधकामाची परवानगी. सॅन फ्रान्सिस्कोच्या डाउनटाउनमध्ये १९८५ च्या प्लॅनमुळे कित्येक ऑफिस इमारतींत अशा जागा झाल्यात, काही तर वरच्या मजल्यांवरच्या गच्च्या. दारात छोटी पाटी असते, लोक बिचकतात, सिक्युरिटीवाला बघितला की मागे फिरतात. बिचकायचं नाही. सरळ आत जायचं आणि पब्लिक टेरेस कुठे म्हणून विचारायचं, नियमाने आपली जागा आहे ती.
टेकड्यांचंही तसंच. लंडनमध्ये प्रिमरोज हिल आणि पार्लमेंट हिलवरून सेंट पॉल कॅथेड्रल दिसतं ते आपोआप नाही दिसत, मधल्या पट्ट्यात त्याला झाकणारी इमारत होऊ द्यायची नाही असे नियम आहेत. सगळ्यात गमतीचं म्हणजे रिचमंड पार्कमधला किंग हेन्रीज माउंड. तिथून कॅथेड्रल साधारण १६ किलोमीटर लांब, पण झाडीत मुद्दाम एक फट कापून ठेवलीय, दुर्बीणही आहे तिथे, डोळा लावला की त्या हिरव्या फटीत नेमका घुमट. शहराने एक नजर जपून ठेवायची ठरवली म्हणजे काय काय करतात बघा. हे सगळीकडे व्हायला पाहिजे असं मला फार वाटतं.

पूलवेडा:
गच्चीवरला, मान्य. रिचमंडचं माझ्याही यादीत घालतो. पण तिथेही अंतरच आहे हो, १६ किलोमीटर!

भटकभवानी:
वा, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. ऑफिसवाल्या इमारतींच्या गच्च्यांचं तर मला अजिबात ठाऊक नव्हतं, रोज त्याच रस्त्यांवरून जाते. आता आईसाठीही कुणीतरी सांगा ना. आणि अंधार पडल्यावर एकटीने अशा ठिकाणी थांबायचं तर तुम्ही कसं करता?

सपाटवाट:
आईंच्या बाबतीत मी सांगते, माझे सासरे काठी घेऊन चालतात आणि त्यांना शहर बघायची दांडगी हौस आहे, त्यामुळे मला हाच अभ्यास झालाय.
हाँगकाँगचं व्हिक्टोरिया पीक म्हटलं की लोकांना चढ आठवतो. वर बसने जाता येतं आणि एकदा वर पोचलात की लुगार्ड रोड नावाची वाट आहे, डोंगराला वळसा घालत जाते, जवळजवळ सपाट, झाडांची सावली. पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटरची, पण पूर्ण करायची गरजच नाही, पंधरा-वीस मिनिटं गेलं की झाडी संपते आणि खाली अख्खं बंदर, दोन्ही काठांचे टॉवर. तिथे कठड्यापाशी उभं राहायचं आणि आल्या वाटेने परत. तिथल्या तिकिटाच्या गच्चीपेक्षा हा देखावा मला कितीतरी सरस वाटतो. संध्याकाळी फोटोवाले ट्रायपॉड घेऊन जागा धरतात, थोडं आधी जा. वाट अरुंद आहे, बाक कमी, एवढं लक्षात ठेवा.
सिंगापूरला मरिना बराज. धरणाच्या पंपघरावर हिरवळीचं छप्पर केलंय आणि वर जायला लांब उतार आहे, एक पायरी चढावी लागत नाही. लोक पतंग उडवतात, पोरं लोळतात, समोर शहर. मरिना बेभोवतीची फेरीपण सपाट, साडेतीन किलोमीटरच्या आसपास, बसायला भरपूर जागा आहे. सिडनीला हार्बर ब्रिजची पूर्वेकडची बाजू चालणाऱ्यांसाठी, तिकीट नाही, आणि पूर्वी जिन्यांमुळे अडायचं ते आता दोन्ही टोकांना लिफ्ट आहे. पुलावरून ऑपेरा हाउस खाली दिसतं. अर्धा पूल जाऊन परत फिरलात तरी चालतं. मुंबईचं मरिन ड्राइव्ह तर वयस्कर माणसांसाठीच बांधल्यासारखं आहे, किनारा कमानीसारखा वळतो म्हणून एका टोकाला बसलं तरी दुसरं टोक दिसतं, पलीकडे जायची गरजच पडत नाही. असा वळणारा किनारा कुठेही दिसला नकाशात तर तिथे जा, हमखास.
जायच्या आधी मी तीन गोष्टी बघते. रस्त्यावरचे फोटो नकाशात उघडून वाटेत पायऱ्या आहेत का, दर पाच-दहा मिनिटांवर बसायला काही आहे का, आणि स्वच्छतागृह कुठे. तिसरी गोष्ट कुठल्याही प्रवासाच्या लेखात कुणी लिहीत नाही आणि वयस्कर माणूस सोबत असेल तर तिच्यावरच अख्खी संध्याकाळ अवलंबून असते. आणि आईंना पूर्ण वाट चालायला लावू नका, त्यांना चांगल्या बाकावर बसवून तुम्ही पुढे जाऊन या, त्या बसल्या जागी तुमच्यापेक्षा जास्त बघतील.

रानवारा:
एकटीने थांबायचं म्हणाल तर मी नेहमी अशीच जाते, त्यामुळे मनापासून सांगते. अंधार पडल्यावर टेकडी नको, पाण्याचा काठ धरा. टेकडीवर उजेडात गर्दी असते आणि सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात सगळे खाली उतरतात, वाट झाडीतून, दिवे नाहीत. काठावरच्या प्रोमेनाडवर पळणारे, कुत्री फिरवणारे, पोरं, म्हातारी माणसं उशिरापर्यंत असतात. कुठल्याही जागी पोचल्यावर कुटुंबं आहेत का ते मी आधी बघते, असतील तर थांबते, ती निघायला लागली की मीपण निघते. बागा कधी बंद होतात ते आधी बघून ठेवा. न्यूयॉर्कची हाय लाइन, जुन्या मालगाडीच्या रुळांवरची, सव्वादोन किलोमीटरच्या वर लांब, चालायला अप्रतिम आहे पण रात्री बंद करतात. परतीचा रस्ता उजेडातच चालून बघते मी, म्हणजे जाताना त्याच वाटेने जायचं ज्या वाटेने यायचंय.
वाऱ्याची तयारी ठेवा. उंच इमारतींच्या अंगावर आदळलेला वारा खाली रस्त्यावर उतरतो आणि कोपऱ्यांवर जोर धरतो, त्यात पुलावर तर आडोसाच नाही. हॉटेलच्या दारात हवा छान वाटली म्हणून जॅकेट सोडून जाऊ नका, थंडी वाजली की माणूस सगळ्यात चांगल्या वेळेला उठून निघून जातो. कान झाकेल असं काहीतरी आईंसाठी नक्की घ्या.

निळीसंध्याकाळ:
रानवारा, टेकडीचं अगदी खरं. भटकभवानी, टेकडी बघायचीच असेल तर पहाटे जा, सूर्योदयालाही तोच निळा उजेड उलट्या क्रमाने मिळतो, गर्दी नसते आणि उजेड वाढत जातो त्यामुळे परतताना भीती नाही. फक्त दिवे कमी असतात, ऑफिसं रिकामी ना.
आणि स्काय गार्डनसारख्या ठिकाणी काचेतून फोटो काढताना फोन काचेला अगदी टेकवून धरा, हाताने कडेने आडोसा करा, नाहीतर आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येतं.

भटकभवानी:
पहाटेचं डोक्यातच आलं नव्हतं, आणि माझ्या मीटिंगा नऊच्या आधी नसतात. आईसोबतची खेप सिंगापूरची आहे, म्हणजे बराजचं नक्की. तिकडे दुपारी धो धो पाऊस पडतो म्हणतात, मग संध्याकाळी जावं की बेत रद्द करावा?

सपाटवाट:
रद्द अजिबात नको. तिथला पाऊस बऱ्याचदा तास-दोन तासांत ओसरतो, आणि वर निळीसंध्याकाळ यांनी लिहिलंच आहे, पाऊस पडून गेला की हवा धुतलेली. विजा चमकत असतील तोवर छपरावर जाऊ नका, मोकळी जागा आहे ती. थांबल्यावर जा, गवत ओलं असेल म्हणून बसायला प्लास्टिकची चटई आणि आईंसाठी न घसरणारी चप्पल घ्या. सूर्यास्त तिकडे वर्षभर साधारण सातच्या आसपासच असतो, साडेसहाला पोचाल असं बघा.